गळके छप्पर, जुने हायस्कूल आणि देणगीचा हिशेब

जुन्या हायस्कूलची इमारत दुरुस्त करायचे ठरले, की पहिली सभा बहुधा पैसे कसे जमवायचे यावरच होते. पावतीपुस्तके छापायची, रविवारच्या मिस्सानंतर आवाहन करायचे, नाताळच्या सुट्टीत एखादा ऑर्केस्ट्रा ठेवायचा, असे ठरते आणि चहा पिऊन मंडळी उठतात. वर्षभराने चार-सहा लाख जमतात. त्यात गेट नवे होते, दर्शनी भिंतीला रंग लागतो आणि मागच्या बाजूला सातवीच्या वर्गात बादली ठेवायची ती ठेवावीच लागते. लोक देत नाहीत, अशी तक्रार मग सुरू होते. माझ्या मते लोक देतात. नेमके कशासाठी, किती आणि कोणाच्या खात्यात, हे कोणी नीट सांगितलेले नसते, म्हणून हात आखडता घेतात.

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात चर्चच्या आवारात किंवा शेजारी उभी असलेली मराठी माध्यमाची हायस्कुले डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. नाशिक, अहिल्यानगर किंवा मुंबईतल्या जुन्या मिशनरी शाळांनाही यातले बहुतेक लागू पडेल. या शाळांची आर्थिक घडी साधारण सारखीच असते. शाळा अनुदानित असेल तर शिक्षकांचे पगार सरकार देते, पण इमारत संस्थेने सांभाळायची. वेतनेतर अनुदान तुटपुंजे, त्यातून वीजबिल आणि खडू-फळ्याचा खर्च भागला तरी पुष्कळ. फी वाढवून पैसा उभा करण्याची सोय नाही, आणि असती तरी वाडीत राबणाऱ्या नाहीतर रिक्षा चालवणाऱ्या पालकाकडे ती मागायची कशी?

पैशांच्या आधी एका अवघड प्रश्नाला सामोरे जा. शाळा आणखी वीस वर्षे चालणार आहे का? मराठी माध्यमाची पटसंख्या गावोगावी घसरली आहे आणि मोठा देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतो. गेल्या दहा वर्षांचा इयत्तावार पट काढा, सर्वांत खालच्या इयत्तेत दरवर्षी किती मुले येतात ते पाहा. तीन तुकड्यांच्या दोन झाल्या असतील तर तेवढेच वर्ग दुरुस्त करा आणि उरलेल्या खोल्यांत प्रयोगशाळा, वाचनालय आणा. ओस पडणाऱ्या शाळेवर नवा मजला चढवण्यासाठी पैसे मागणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि देणगीदारालाही ते कळते.

यानंतरचे काम स्ट्रक्चरल ऑडिटचे. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. तेव्हापासून जुन्या शाळेचे नाव काढले, की ‘इमारत सुरक्षित आहे का?’ हे पालक विचारतातच. त्याचे उत्तर फादरांनी किंवा मुख्याध्यापकांनी अंदाजाने देऊ नये, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यावे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, गंजली की फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढलप्यांनी सुटू लागते. व्हरांड्याच्या स्लॅबला खालून पाहा. तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली लांब चीर, बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज, ही त्याची खूण. वरून गिलावा मारून रंग दिला तर दोन पावसाळे निभावतात आणि तिसऱ्याला मोठा तुकडा खाली येतो. इंजिनिअर हॅमर टेस्ट, अल्ट्रासॉनिक टेस्ट करील, गरज वाटल्यास काँक्रीटचा गाभा काढून तपासेल. जुना भाग मंगलोरी कौलांचा आणि सागवानी कैच्यांचा असेल तर घाबरून तो आधी पाडू नका. कौले उतरवून, कुजलेल्या रिपा आणि वासे बदलून अशी छपरे पुन्हा उभी राहतात, आणि उन्हाळ्यात पत्र्यापेक्षा कितीतरी गार असतात.

ऑडिटचा खर्च संस्थेने स्वतःच्या शिलकीतून करावा. ‘तपासणीसाठी देणगी द्या’ म्हणून कोणी देत नाही, पण तपासणीचा अहवाल टेबलावर असला तर पुढचे सगळे बोलणे सोपे होते.

अहवालाबरोबर फोटो हवेत, आणि ते पावसाळ्यात काढलेले हवेत. जुलैत वर्गात साचलेले पाणी, ताडपत्रीखाली चाललेला तास, ओल येऊन फुगलेले वाचनालयाचे कपाट. मुलांचे चेहरे दिसू देऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात काढलेल्या फोटोत ही शाळा सुंदरच दिसते, जुन्या इमारतींची हीच तर पंचाईत.

आता कामांचा क्रम. छप्पर, वायरिंग, स्वच्छतागृहे, पाणी, अग्निसुरक्षा, दिव्यांग मुलांसाठी उतार, मग प्रयोगशाळा, आणि त्यानंतर डिजिटल फळे, सभागृह, गेट. हा क्रम उलटा लावण्याचा मोह सर्वत्र दिसतो, कारण गेटवर नाव कोरता येते आणि अर्थिंगवर येत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर संगणक आणि मोठे स्क्रीन चालवणे धोक्याचे आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. भिंतीवर टांगलेला, मुदत संपलेला सिलिंडर त्यात चालत नाही.

अंदाजपत्रक करताना लोक तीन गोष्टी विसरतात. ठेकेदाराच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी, इंजिनिअरची फी आणि अनपेक्षित खर्चासाठी किमान दहा टक्के. जुनी भिंत उघडली की आत काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही. काम शाळा चालू असताना होणार असेल तर तात्पुरत्या वर्गांचा खर्चही धरा.

कागदांचा विषय कंटाळवाणा, पण मोठ्या देणग्या अडतात त्या इथेच. जमीन कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ ठिकाणी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड चर्चच्या ट्रस्टच्या नावे, शाळा चालवणारी संस्था वेगळी आणि बँक खाते तिसऱ्याच नावाने, असा प्रकार असतो. कंपनीचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) पाहणारा अधिकारी याच कागदांपासून सुरुवात करतो. जमीन चर्चच्या ट्रस्टची असेल तर त्याचे ना-हरकत पत्र, धर्मप्रांताची लेखी परवानगी आणि धर्मग्रामाच्या अर्थ समितीचा ठराव आधी हातात असू द्या. अशी समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, हे चर्चच्या कायद्याचे 537 वे कलम सांगते. त्याच कायद्याचे 1267 वे कलम म्हणते, की विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे. छपरासाठी आलेला पैसा चर्चच्या सणाच्या मंडपाकडे ‘तात्पुरता’ वळवता येत नाही, मग फादर कितीही चांगले असोत.

कर्ज काढायचे असेल तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जागा विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायलाही लागते. एखादा बिल्डर ‘मैदानाचा कोपरा द्या, शाळा फुकट बांधून देतो’ म्हणत असेल, तर कायदेशीर अडचण बाजूला ठेवून माझे स्पष्ट मत सांगतो: देऊ नका. वसई-विरारमध्ये शाळेची इमारत पुन्हा बांधता येईल, मैदान पुन्हा मिळणार नाही.

आयकराचे बघू. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक इथे जुन्या, सर्वांच्या तोंडी असलेल्या 1961 च्या कायद्याचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आल्याने क्रमांक बदलतात, ते सीएकडून पडताळून घ्या. ज्या संस्थेच्या नावे पावती फाडणार तिच्याकडे 80जीची चालू मंजुरी आहे का, हे पहिले पाहा. एका विशिष्ट धार्मिक समाजासाठी स्थापन झालेल्या ट्रस्टला ती सहसा मिळत नाही, त्यामुळे चर्चचे खाते आणि शिक्षण संस्थेचे खाते यांत घोळ करू नका. मंजुरी असेल तर देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट देणगीदाराला मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने एक लाख दिले तर सेससह साधारण 15,600 रुपयांचा कर वाचतो. पण जुनी करपद्धती निवडली असेल तरच. नव्या पद्धतीत ही वजावट नाही आणि बहुतेक पगारदार आता नव्या पद्धतीत आहेत. ‘कर वाचेल’ हे आमिष मोठ्या अक्षरांत छापू नका, नंतर माणसे नाराज होतात. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही आणि पंखे, सिमेंट, फरशी अशा वस्तूंनाही नाही. वर्षभराच्या देणग्यांचे विवरण 31 मेपर्यंत भरायचे आणि प्रत्येकाला फॉर्म 10बीई द्यायचा. त्यासाठी पॅन लागतो, म्हणून पावतीपुस्तकात पॅनचा रकाना छापून घ्या.

गुप्तदानाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण कॅथॉलिक मंडळींना त्याचे अप्रूप असते. पाकिटात नोटा घालून नाव न लिहिता देणारी माणसे भली असतात, पण शाळेसाठी आलेल्या निनावी देणग्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या तर त्यांवर तीस टक्के कर लागतो. ही मर्यादा एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातली जी जास्त असेल ती. धार्मिक कार्यासाठीच असलेल्या ट्रस्टला यातून सूट आहे, पण शाळेसाठी म्हणून दिलेल्या पैशाला ती मिळत नाही. तेव्हा अशा दात्याला नम्रपणे सांगा: नाव पाटीवर लिहिणार नाही, कोणाला सांगणार नाही, पण आमच्या वहीत लागेल.

एवढे झाले की मागायला निघा. कुठून सुरुवात करायची? वेदीवरच्या आवाहनापासून नको, ते शेवटी. समजा दीड कोटी उभे करायचे आहेत. एक देणगी 25 लाखांची, दोन दहा-दहा लाखांच्या, सहा पाच-पाच लाखांच्या आणि वीस एकेक लाखाच्या मिळाल्या तर 95 लाख होतात, म्हणजे अवघ्या 29 जणांकडून निम्म्याहून कितीतरी जास्त. पुढे शंभर जण पंचवीस हजार देणारे आणि तीनशे जण पाच हजार देणारे धरले तर आणखी 40 लाख. उरलेले 15 लाख छोट्या रकमा, कार्यक्रम, पेट्या यांतून. हा तक्ता आपल्या गावाच्या ऐपतीप्रमाणे बदला, पण त्याचा आकार असाच राहतो. म्हणजे पहिले तीन महिने त्या 29 माणसांसाठी द्यायचे, आणि एक ‘हो’ मिळवायला तीन-चार दारे ठोठावावी लागतात हे धरून चालायचे. अमेरिकेतल्या कॅथॉलिक हायस्कुलांत निम्मी रक्कम कबूल झाल्याशिवाय मोहीम सहसा जाहीर करत नाहीत. ही पद्धत आपल्याकडेही उचलण्यासारखी आहे. ‘75 लाख जमले, 75 लाख हवेत’ हे आवाहन कानाला जितके बरे लागते, तितके ‘दीड कोटी हवेत’ हे लागत नाही.

मोठ्या देणगीसाठी पत्र पाठवून भागत नाही. दोघांनी घरी जावे, त्यातला एक त्या माणसाचा वर्गमित्र किंवा शिक्षक असावा. रक्कम स्पष्ट सांगावी. ‘जमेल तेवढे द्या’ म्हटले की पाच लाख देऊ शकणारा अकरा हजार देतो आणि आपण सुटलो असे त्याला वाटते. त्याऐवजी, ‘सर, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा खर्च पाच लाख आहे, तो आपण उचलावा अशी विनंती घेऊन आलो आहोत’ असे म्हणा आणि गप्प बसा. दोन वर्षांत चार हप्त्यांनी देण्याची मुभा ठेवा. ज्या समिती सदस्याने स्वतः काही दिलेले नाही, त्याला मागायला पाठवू नका. समोरचा विचारतोच, ‘तुम्ही किती दिले?’

माजी विद्यार्थ्यांची यादी कुठून आणायची, असे सगळे विचारतात. ती कार्यालयातल्या कपाटात आहे. शाळेचे जनरल रजिस्टर काढा. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली जाडजूड पुस्तके. प्रत्येक मुलाचा नोंदणी क्रमांक, गाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख त्यात आहे. एसएससीच्या निकालपत्रकांशी ती ताडली की वर्षवार याद्या तयार होतात. प्रत्येक बॅचला एक जबाबदार माणूस शोधा. व्हॉट्सॲप ग्रुप बहुतेक बॅचचे असतातच. मात्र रजिस्टरच्या पानांचे फोटो त्या ग्रुपवर टाकू नका, त्यात मुलांची जात आणि घरची माहिती आहे. फक्त नावे उतरवून घ्या.

आणि एक गोष्ट नजरेआड होते. या शाळांत शिकून गेलेल्यांत हिंदू, मुस्लिम, आदिवासी मुले मोठ्या संख्येने आहेत. आवाहन फक्त चर्चमध्ये आणि ‘सुवार्ता’सारख्या मासिकात केले तर या सगळ्यांपर्यंत ते पोचतच नाही. त्यांना शाळेबद्दल आपुलकी कमी आहे असे मुळीच नाही. अनेकांना आजवर कोणी विचारलेलेच नसते. निधी समितीत त्यांच्यातले दोघे-तिघे असलेच पाहिजेत.

माजी विद्यार्थ्यांनी उत्साहात एखाद्याच्या खासगी यूपीआयवर पैसे गोळा करू नयेत. नोंदणीकृत ट्रस्टच्या बाहेर धर्मादाय कामासाठी पैसे जमवले तर धर्मादाय कार्यालयाला कळवून हिशेब द्यावा लागतो. आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या बचत खात्यातले चार लाख ही मैत्री तुटण्याची हमखास जागा आहे.

परदेशी असलेल्यांचा विषय वसईत घरोघरचा. इथे नागरिकत्व पाहायचे, राहण्याचे ठिकाण नाही. आखातात नोकरी करणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्गे पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र विदेशी, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असो आणि तो नाताळात गावी येऊन रुपयांत देवो. ती घ्यायला संस्थेची विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली एक संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळती करू शकत नाही. त्यामुळे ‘धर्मप्रांताच्या खात्यातून घेऊ’ हा जुना मार्ग आता बंद आहे. नोंदणी नसेल तर हात जोडून नकार द्या आणि त्या माणसाला सांगा, की इथे राहणारे त्याचे भाऊ-बहीण आपल्या कमाईतून काही देऊ इच्छित असतील तर स्वागत आहे.

कंपन्यांचा सीएसआर निधी शाळांना मिळतो. 2013 च्या कंपनी कायद्यात शिक्षण हा मान्य विषय आहे. संस्थेची सीएसआर-1 नोंदणी, 80जीसह आयकराच्या मंजुऱ्या आणि तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब तयार हवेत. माझा अनुभव असा, की कंपनी सौर पॅनेल, मुलींची स्वच्छतागृहे, संगणक कक्ष यांना लवकर हो म्हणते आणि स्लॅबच्या दुरुस्तीला क्वचितच. ज्याचे उद्घाटन करता येत नाही त्यात तिला रस नसतो. म्हणून कंपनीकडे दिसणारी कामे न्या आणि न दिसणारी माजी विद्यार्थ्यांकडे. आमदार-खासदार निधीचे नियम बदलत असतात, पालघरच्या जिल्हा नियोजन कार्यालयात जाऊन विचारलेले बरे.

कार्यक्रमांवर फार बोलायचे नाही. फन फेअर, हाऊजी, खाद्यजत्रा यांनी माणसे एकत्र येतात, पैसा फारसा येत नाही. लकी ड्रॉची तिकिटे छापण्यापूर्वी वकिलाला विचारा, विनापरवाना लॉटरी गुन्हा ठरू शकते. प्रवेशाच्या वेळी पालकाकडून देणगी मात्र एक रुपयाही घेऊ नका. महाराष्ट्रात 1987 पासून त्याला बंदी आहे, आणि तशी नुसती कुजबुज जरी झाली तरी सगळी मोहीम बदनाम होते.

वेळापत्रक पावसाच्या हाती आहे. ऑडिट आणि फोटो जून ते ऑगस्टमध्ये, मोठ्या भेटी सप्टेंबरपासून, परदेशातून येणाऱ्यांच्या गाठी डिसेंबरात, जाहीर आवाहन जानेवारीत. कंपन्यांचे वर्ष मार्चला संपते. छप्पर उघडायचे ते वार्षिक परीक्षा संपताच, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी बंद झालेच पाहिजे.

काम सुरू करण्यापूर्वी तीन ठेकेदारांची सीलबंद दरपत्रके घ्या. विश्वस्ताचा मेहुणा त्यांत नको, त्याचा दर खरोखर कमी असला तरी. बिल इंजिनिअरने मोजमाप करून सही केल्यावरच द्या आणि पाच टक्के रक्कम पुढचा पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवा. दर महिन्याला फाटकाजवळ फलक लावा: जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी. देणगीदाराला आभारपत्राबरोबर कामाचा फोटो पाठवा. जमलेल्यातले दहा टक्के देखभालीसाठी मुदत ठेवीत टाका, कारण पन्हाळी दर मे महिन्यात साफ केल्या नाहीत तर नवे छप्परही दहा वर्षांत जुने होते. हे देखभालीचे दहा टक्के आवाहनातच लिहून टाका, म्हणजे नंतर हेतू बदलला असे कोणी म्हणणार नाही.

वसईच्या कॅथॉलिकांनी 1918 मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पतसंस्था काढली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक तीच. शेतकऱ्यांनी पै-पै जमवून उभे केलेले ते काम शंभर वर्षांनंतरही चालू आहे, तेव्हा इथे पैशाच्या शिस्तीची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये.

हा लेख वाचणारे तुम्ही एखाद्या अशा शाळेचे माजी विद्यार्थी असाल आणि तुम्हाला अजून कोणी देणगी मागितलेली नसेल, तर वाट पाहू नका. मुख्याध्यापकांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का, आणि 80जीची मंजुरी चालू आहे का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ आली तर ओळखीचा इंजिनिअर आणि ओळखीचा सीए घेऊन येत्या शनिवारी शाळेत जा.